जुन्या मोटारीतला रेडिओ आणि बिनतारी गाणे



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून ह्या प्रकारच्या व्यासपीठावरून वेदान्त, राजकारण, अर्थकारण आणि साहित्य ह्यांवर पुष्कळ बोलले गेले आहे. मोटारीतल्या रेडिओवर कोणी बोलल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी तो भीतभीतच सांगितला. ते म्हणाले, "गुरुजी, तालुक्यात जेवढ्या जुन्या गाड्या आहेत तेवढे श्रोते तरी नक्की येतील." बाहेर रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या जीपा आणि फियाटी पाहता त्यांचा हिशेब चुकलेला दिसत नाही.

विषय कसा निघाला ते आधी सांगतो. माझ्या एका स्नेह्यांजवळ प्रीमियर पद्मिनी गाडी आहे. हे गृहस्थ आता ऐंशीच्या पुढे गेले आहेत. गाव त्यांना तात्या म्हणते, मीही तात्याच म्हणेन. आपल्यातल्या तरुणांना माहीत नसेल म्हणून सांगतो, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट अकराशे ह्या इटालियन गाडीचा जो अवतार निघू लागला, त्याचेच पुढे १९७० नंतरच्या दशकात पद्मिनी असे बारसे झाले. नाव बदलले तरी आपण तिला फियाटच म्हणत राहिलो. त्या काळी गाडीसाठी नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. तात्यांनीही ती पाहिली, आणि गाडी दारात आल्यावर हौसेने तिच्यात रेडिओ बसवून घेतला. दोन गोल खुंट्या, मध्ये काचेची पट्टी आणि पट्टीवर सरकणारा तांबडा काटा. केवळ मध्यम लहरी. एफ.एम. नाही, कॅसेट नाही, काही नाही.

तात्यांच्या पत्नीला जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी पाठ होत्या. १९८० नंतरच्या दशकात कोणाकडून तरी टेपरेकॉर्डर मागून आणून मुलाने त्यांतल्या काही टिपून ठेवल्या. माउली गेली. कॅसेट मात्र राहिली आणि परवा परवा मुलाने ती आपल्या मोबाइलमध्ये उतरवून घेतली. घरात ती ऐकता येते. पण तात्यांचे म्हणणे वेगळेच. ते म्हणाले, "ती गाडीत माझ्या शेजारी बसून म्हणायची. मला गाडीतच ऐकायची हाय."

मुलाने काढलेला उपाय सरळ होता. तो साताऱ्याहून पडद्याचा नवा संच घेऊन आला. हल्लीच्या अशा साध्या संचालादेखील सुमारे अठरा सेंटिमीटर रुंद आणि पाच सेंटिमीटर उंच अशी चौकोनी खिडक लागते. जुन्या गाडीत ती नसते. पत्रा कापावा लागतो. तात्या गाडीपुढे येऊन उभे राहिले. "पत्र्याला कातरी लावायची न्हाई," एवढेच बोलले. मुलगा माझ्याकडे आला. "गुरुजी, तुम्हीच तात्यांना समजवा." मी तात्यांना समजावले नाही. मुलालाच म्हटले, तो नवा संच परत करून ये, आपण दुसरे काही पाहू. बोलून तर बसलो; आता करणे आले.

मुळात रेडिओ म्हणजे काय, हे दोन शब्दांत पाहू. ज्या १२५१ किलोहर्ट्झवर आपण सांगली केंद्र ऐकत आलो, त्या लहरीची लांबी सुमारे २४० मीटर भरते. एवढी लांब लहर डोंगराला वळसा घालून पलीकडे उतरते. जरंडेश्वर मध्ये उभा असला तरी तिचे फारसे अडत नाही. एफ.एम.ची लहर तीन मीटरांच्या आसपास. ती बरीचशी सरळ रेषेत जाते, डोंगराआड गेलात की क्षीण होते. आणि मोबाइलमधून गाणे बाहेर पाठवणारी जी ब्लूटूथची लहर, तिची लांबी साडेबारा सेंटिमीटर. वीतभरसुद्धा नाही! गाडीचा पत्रादेखील तिला भिंतीसारखा वाटतो. २४० मीटरांपासून साडेबारा सेंटिमीटरांपर्यंत, ह्या तिन्ही एकाच जातीच्या लहरी आहेत, फक्त आखूड होत आलेल्या. मौज अशी की आचार्य जगदीशचंद्र बोस ह्यांनी १८९५ साली कलकत्त्याला ज्या बिनतारी लहरींनी दूरवरची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली, त्या अवघ्या काही मिलिमीटरांच्या होत्या. मार्कोनीच्या मागून गेलेले जग लांब लहरींच्या वाटेने शंभर वर्षे हिंडले आणि मग आखूड लहरींकडे आले. आमचा माणूस आधीच तिथे जाऊन बसला होता.

आता हे ब्लूटूथ नाव. त्याचा शब्दशः अर्थ निळा दात. दहाव्या शतकात डेन्मार्कचा हाराल्ड नावाचा राजा होऊन गेला. त्याचे हे टोपणनाव. त्याने विखुरलेली डेन माणसे एका छत्राखाली आणली, असे म्हणतात. स्वीडनमधल्या एरिक्सन कंपनीत याप हार्टसन ह्या डच अभियंत्याने १९९४ च्या सुमारास ह्या यंत्रणेचा पाया घातला. पुढे निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एका भाषेत बोलावीत म्हणून १९९८ साली त्यांनी एक मंडळ स्थापन केले. इंटेलच्या जिम कार्डाक ह्यांनी सुचवलेले राजाचे नाव तात्पुरते म्हणून घेतले, ते कायमचे चिकटले. आपल्या मोबाइलवरची ती निळी खूण म्हणजे त्या राजाच्या नावाची दोन आद्याक्षरे जुन्या रून लिपीत एकमेकांत गुंफलेली आहेत. नीलदंत महाराज आपल्या खिशात येऊन बसले आहेत, आणि आपल्याला त्यांची ओळख नाही.

ह्या यंत्रणेची खरी करामत तिच्या पळापळीत आहे. तिला ७९ गल्ल्या दिलेल्या आहेत आणि एका सेकंदात ती १६०० वेळा गल्ली बदलते. आट्यापाट्या खेळणारा गडी जसा एका पाटीवर स्थिर उभा राहत नाही, तसे हे. कोणी एखादी गल्ली अडवली तरी गडी तोवर दुसरीकडे गेलेला असतो. फरक इतकाच की देणारा आणि घेणारा दोघांनाही पुढची उडी आधीच ठाऊक असते. ही उड्या मारण्याची कल्पना मात्र जुनी आहे. हेडी लामार ही चित्रपटातली नटी आणि जॉर्ज अँथील हा संगीतकार ह्या दोघांनी १९४२ साली पाणतीराला संदेश पाठवण्यासाठी अशाच एका युक्तीचे पेटंट मिळवले होते. त्यात पियानोच्या पट्ट्यांइतक्या, म्हणजे ८८, जागा धरल्या होत्या. नटीला आणि संगीतकाराला जे सुचले त्याचा उपयोग आज आपण गाणी ऐकण्यासाठी करतो, हे मला फार न्यायाचे वाटते. असो.

जुन्या गाडीत हे गाणे आणायचे तर वाटा किती? ज्यांच्या गाडीत एफ.एम. आहे त्यांना सगळ्यांत सोपी वाट म्हणजे सिगारेट पेटवायच्या खाचेत बसणारे लहानसे प्रक्षेपकयंत्र. मोबाइलकडून ते गाणे घेते आणि एखाद्या रिकाम्या एफ.एम. जागी हलकेच प्रक्षेपित करते. रेडिओ ते केंद्र समजून लावतो. म्हणजे तुमच्या मोटारीपुरते एक आकाशवाणी केंद्र! कोरेगावात ते ठीक चालते. पण इथे रिकामी असलेली जागा पुण्यात रिकामी नसते, आणि मग भर वाहतुकीत अभंगाच्या मध्येच साबणाची जाहिरात घुसते. ज्यांच्या गाडीत कॅसेटचे यंत्र आहे त्यांना कॅसेटच्याच आकाराची, चुंबकीय टोक असलेली एक खोटी कॅसेट मिळते. ती बरी. वडापच्या जीपवाल्यांची वाट तिसरी: जुना रेडिओ उपटून फेकायचा, नवा संच, मागे दोन मोठे कर्णे आणि आसनाखालून ओढलेल्या उघड्या तारा. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरवर जे ऐकू येते त्याबद्दल मी बोलत नाही. ते आपण सर्वजण आपापल्या अंथरुणात पडून ऐकतोच.

तात्यांच्या गाडीला ह्यांपैकी एकही वाट लागू नव्हती. एफ.एम. नाही, कॅसेट नाही आणि पत्रा कापायचा नाही. तेव्हा रेडिओच्या पोटात शिरणे भाग होते.

रेडिओच्या पोटात दोन कारखाने असतात असे समजा. पहिला हवेतून लहर पकडतो, तिच्या पाठीवरचा आवाज सोलून काढतो. हा सोललेला आवाज अगदी बारीक असतो. दुसरा कारखाना त्याला मोठा करून कर्ण्यापर्यंत पोचवतो. ह्या दोहोंच्या मध्ये जो दरवाजा आहे, तीच आवाज लहानमोठा करायची आपली खुंटी. तिला मागच्या बाजूला तीन पाय असतात. एका टोकाच्या पायावर पहिल्या कारखान्याचा माल येऊन पडतो, दुसरे टोक जमिनीला, आणि मधल्या पायावरून आपण फिरवू तेवढा माल पुढे जातो. तर मग युक्ती उघड आहे. पहिल्या कारखान्याचा माल त्या दारात थांबवायचा आणि त्याच्या जागी ब्लूटूथ ग्राहकाचा माल टाकायचा. दुसऱ्या कारखान्याला माल कोणाचा आहे हे कळत नाही, तो निमूटपणे मोठा करतो. कर्णा तोच, खुंटी तीच, गाडीचा तो जरासा घोगरा आवाजही तोच.

बोलायला सोपे. करताना मी तीन वेळा फसलो, आणि ते मी लपवत नाही, कारण त्यातच काय ते शिकण्यासारखे आहे.

पहिली चूक अक्षम्य होती. ग्राहकाला वीज हवी म्हणून मी भोंग्याच्या तारेतून एक फाटा काढला आणि त्यात फ्यूज घातला नाही. एवढ्याशा यंत्राला कशाला फ्यूज, असे मनात म्हटले. त्रिपुटीच्या अलीकडे एका खड्ड्यात गाडी आपटली. ती तार पत्र्याच्या धारेवर घासत होती, तिचे वेष्टण फाटले आणि समोरच्या फळीखालून धूर निघाला. तात्या शेजारीच बसले होते. मी उडी मारून बॅटरीचे टोक सोडवले म्हणून निभावले. यंत्र किती वीज खाते ह्याला महत्त्व नाही. बॅटरी किती देऊ शकते ह्याला आहे, आणि मोटारीची बॅटरी क्षणात तार लाल करण्याइतकी देते. फ्यूज यंत्राच्या रक्षणासाठी नसतो, तारेच्या रक्षणासाठी असतो. तीस वर्षे मुलांना हे शिकवले, आणि स्वतःच्या हाताने केले मात्र नाही. आता तिथे एक अँपिअरचा फ्यूज आहे, तो बॅटरीकडच्या टोकाला आहे, आणि तार जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी कडे आहे.

दुसरी फजिती गाणे सुरू झाल्यावर कळली. ओवीच्या मागे एक बारीक कुंई असा आवाज येई. इंजिनाचा वेग वाढवला की तो सूर चढे, कमी केला की उतरे. वाजणारा तो डायनॅमो होता. ग्राहकाला जमीन दोन वाटांनी मिळत होती, एक विजेच्या तारेतून आणि दुसरी आवाजाच्या तारेतून. ह्या दोन वाटांचे मिळून एक वेटोळे तयार होते आणि गाडीच्या सांगाड्यात फिरणारी सगळी खळबळ त्यातून आवाजात उतरते. उपाय म्हणजे आवाजाच्या वाटेत एक छोटा ट्रान्सफॉर्मर घालणे. त्याच्या दोन वेटोळ्यांत तारेचा संबंध नाही, केवळ चुंबकत्वाचा आहे. आवाज पलीकडे जातो, डायनॅमो अलीकडेच राहतो. बाजारात हा तयार डबीत मिळतो, फार महाग नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. गाणे स्वच्छ झाले, मी खूश होऊन तात्यांना म्हटले, आता रेडिओ लावून पाहा. त्यांनी खुंटी फिरवली, आणि पट्टीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती घरघर! सांगली नाही, पुणे नाही. नव्या पाहुण्याने घरच्या माणसाचे तोंडच बंद केले होते. कारण असे. ग्राहकाला पाच व्होल्ट लागतात, गाडीत बारा, चालताना चौदाच्या आसपास. हे बारांचे पाच करणारे जे लहानसे यंत्र मी घातले होते, ते वीज सेकंदाला लाखो वेळा तोडते आणि जोडते. तोडण्याजोडण्याच्या त्या ठिणग्या नेमक्या मध्यम लहरींच्या पट्ट्यात पसरतात. एफ.एम.ला त्याचा फारसा त्रास होत नाही, मध्यम लहरींना होतो. नवीन यंत्रे विकणाऱ्यांना हे जाणवतच नाही, कारण त्यांच्यापैकी मध्यम लहरी ऐकतो कोण?

गेल्या काही वर्षांत देशातली मध्यम लहरींची बरीचशी प्रक्षेपणयंत्रे बंद झाली आहेत. तेव्हा एखादा म्हणेल, गुरुजी, जे आज ना उद्या मुके होणारच आहे त्याच्यासाठी एवढा खटाटोप का? मुलानेही हे विचारले. मी तात्यांकडे पाहिले. तात्या म्हणाले, "हाय तवर ऐकू दे की."

मग मी दुहेरी स्विच आणला. हा स्विच एका खटक्यात दोन कामे करतो. एका बाजूला असताना रेडिओचा माल दारात जातो आणि ग्राहकाची वीज पूर्ण तोडलेली असते. दुसऱ्या बाजूला केला की ग्राहकाला वीज मिळते आणि त्याचा माल दारात येतो. दोघे एकाच वेळी जागे राहत नाहीत, त्यामुळे भांडणच नाही. वीज बदलणारे यंत्र पत्र्याच्या डबीत घातले, त्याच्या तारेवर फेराइटचे कडे चढवले. स्विच बसवायला भोक पाडायचे नव्हते. रेडिओच्या खालच्या एका मूळच्याच स्क्रूला लहानशी पट्टी अडकवली, तिच्यावर तो बसला. ग्राहक मात्र रेडिओच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायचा नाही, आखूड लहर आत शिरत नाही हे मघाशी सांगितलेच. तो हातमोजे ठेवायच्या कप्प्यात ठेवला.

दोनतीन बारकावे, ज्यांना हाताने करायचे आहे त्यांच्यासाठी. मोबाइलमधले गाणे डावे आणि उजवे अशा दोन तारांतून येते, जुन्या रेडिओला मात्र एकच तोंड. म्हणून त्या दोन तारा सरळ एकमेकींना जोडू नका, त्या एकमेकींशी झगडतात. प्रत्येकीत एक हजार ओहमचा रोधक घालून मग जोडा. पुढे एक मायक्रोफॅरडचा धारित्र घाला. तो आवाज जाऊ देतो आणि रेडिओतली सरळ वीज ग्राहकावर येऊ देत नाही. तार वेटाळून जमिनीला जोडलेली, म्हणजे कवच असलेली, वापरा. आणि सर्वांत आधी मीटर लावून पाहा की तुमच्या बॅटरीचे कोणते टोक सांगाड्याला जोडलेले आहे. तात्यांच्या गाडीत ऋण टोक होते. पण इंग्रजी घडणीच्या कित्येक जुन्या गाड्यांत धन टोक सांगाड्याला असे, आणि जुन्या लष्करी विलीज जीपांत तर सारी वीजच सहा व्होल्टांची. अशा गाडीत आजचे यंत्र डोळे झाकून जोडले की ते तत्क्षणी कैलासवासी होते. रेडिओ नळ्यांचा असेल तर स्वतः उघडूच नका. त्यात बारा व्होल्टांचे दोनशेहून अधिक व्होल्ट केलेले असतात, आणि ते बंद केल्यावरही काही वेळ दबा धरून बसतात. जाणत्या कारागिराकडे न्या. असा कारागीर आपल्या तालुक्यात अजून सापडतो; त्याची मुले मात्र दुसऱ्या धंद्यात गेली आहेत.

एक सांगायचे राहिले. गाणे निवडायचे ते गाडी उभी असताना. चालवताना मोबाइल हातात धरणे हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी एक हजार ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा कैददेखील होऊ शकते. जुन्या रेडिओची एक थोरवी अशी की त्याची खुंटी न बघता हाताला सापडत असे. पडद्यावर बोट ठेवायला डोळे रस्त्यावरून काढावे लागतात. आमच्या जोडणीत चालवणाऱ्याने करायचे ते एवढेच, आवाजाची खुंटी आणि एक खटका. बाकीचे शेजारच्याने करावे.

चैत्रात एके दिवशी संध्याकाळी आम्ही तिघे माहुलीपर्यंत गेलो. मुलगा चालवत होता, तात्या पुढे, मी मागे. कृष्णेच्या पुलाअलीकडे मुलाने गाडी कडेला घेतली, मोबाइलवर ओवी लावली आणि खटका पलीकडे केला. कॅसेटचा मूळचा खरखराट होता, जात्याची घरघर होती, आणि त्यातून तो आवाज. तात्यांनी पूर्ण ऐकली. दुसरी सुरू झाली तीही ऐकली. मग हात लांब करून खटका स्वतःच अलीकडे ओढला आणि मुलाला म्हणाले, "आता बातम्या लाव."

जोडणीचा आराखडा मी मागच्या फळ्यावर काढून ठेवला आहे. उतरवून घ्यायचा असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर थांबावे. आणि ज्यांची गाडी बाहेर उभी आहे त्यांनी मला आधी मीटर आणू द्यावा, मग बोलू.